पाठमोरा माणूस

तात्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं आणि मग उलटं करून त्याची मागची बाजूही पाहिली. बाजारात खोंड बघताना ते असेच त्याच्याभोवती एक चक्कर मारून येत. मागे काहीच नव्हतं. त्यांनी चित्र परत सरळ केलं आणि माझ्याकडे पाहिलं, ते अगदी अनोळखी बाईकडे पाहावं तसं.

"काय करायचं म्हनला, म्याडम?"

माझे सख्खे वडील मला मॅडम म्हणत होते आणि मी त्यांना काका. आमच्या मध्ये एक टेबल, त्यावर स्टॉपवॉच आणि कोरे कागद. लाकडी पडद्याच्या कडेला खुर्ची टाकून बाहेरून आलेल्या परीक्षक, डॉक्टर शरयू कारखानीस, चष्म्याच्या काचांवरून आमच्याकडे बघत होत्या.

"या चित्रावरून एक गोष्ट सांगायची, काका," मी म्हणाले. "आधी काय झालं, आता काय चाललंय, ही माणसं मनात काय म्हणतायत आणि शेवटी काय होतं. यात बरोबर-चूक काही नसतं. मनात येईल ते सांगा."

हे शेवटचं वाक्य प्रत्येक सब्जेक्टला सांगावंच लागतं. तात्यांनी मान डोलावली. मनात येईल ते सांगायची त्यांच्यावर आयुष्यात कधी पाळी आली नव्हती, हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं.

हा सगळा तमाशा कसा उभा राहिला ते सांगायला हवं. मी तेव्हा मानसशास्त्रात एम. ए. च्या शेवटच्या वर्षाला होते. इतर विषयांची पोरं परीक्षेला पेन आणि पाणी घेऊन जातात, आम्हाला प्रात्यक्षिकाला एक जिवंत माणूस घेऊन जावा लागे. त्याला म्हणायचं सब्जेक्ट. परीक्षकांसमोर त्याची चाचणी घ्यायची, अहवाल लिहायचा आणि मग त्यावरच तोंडी परीक्षा द्यायची. सब्जेक्टवर ती चाचणी आधी कुणी घेतलेली नसावी, आणि तो नात्यातला तर मुळीच नसावा. त्यामुळे परीक्षा जवळ आली की आम्ही गावभर माणसं धुंडाळत फिरायचो. हॉस्टेलमधली पोरं आधीच इतक्यांदा तपासून झालेली असत की चाचणीतला शाईचा डाग दिसला तरी त्यांना उत्तर तोंडपाठ. कुणी भजी चारून सब्जेक्ट मिळवी, कुणी सिनेमाच्या तिकिटावर. मी आमच्या मेसच्या मावशींचे जावई ठरवले होते. सज्जन माणूस, पोस्टात नोकरीला. पण त्या दिवशी सकाळी मावशी एकट्याच आल्या. मुलीनं नवऱ्याला येऊ दिलंच नव्हतं. समजा तपासलं आणि डोक्यात काही बिघाड निघाला, तर नांदायचं कुणी, असा तिचा सवाल होता.

परीक्षा अर्ध्या तासावर आलेली. विभागाबाहेरच्या बाकावर मी डोकं धरून बसले असताना माझी खोलीतली मैत्रीण नसीम मुल्ला आली आणि माझ्या कानात म्हणाली की सब्जेक्ट तर जिन्यापाशी उभा आहे. मी पाहिलं, तर पांढरं धोतर, लाल फेटा, खांद्यावर घोंगडी. तात्या. ते दुसऱ्या दिवशी मला न्यायला यायचे होते, आदल्या दिवशीच आले होते. का, ते विचारायलाही मला सवड नव्हती.

तात्या म्हणजे बिरू पुकळे, आटपाडीकडच्या जनावरांच्या बाजारातले दलाल. आमच्याकडे सौदा तोंडानं करत नाहीत. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. वरून दोघांचे चेहरे असे की जणू पाऊसपाण्याच्या गप्पा चालल्यात. तात्या त्यातले मुरलेले. रुमालाखाली काय चाललंय ते त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाच कधी वाचता आलं नव्हतं, बाजारात नाही आणि घरातही नाही. आई म्हणायची, ह्यांच्या पोटात काय आहे ते ह्यांच्या सदऱ्यालाही माहीत नसतं. काहीही विचारा, उत्तर एकच, बघू.

मी त्यांना कोपऱ्यात घेऊन सगळं समजावलं. ओळख दाखवायची नाही हे तीनतीनदा बजावलं.

"आगं, त्ये तर आमचं रोजचंच काम हाय," तात्या म्हणाले, आणि फेटा नीट करून माझ्यामागून खोलीत आले.

आता खरी अडचण सांगते. बंगळूरच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात दोन वर्षांच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली होती. आमच्या विभागातून त्या वर्षी मी एकटीच. रुग्णांसोबत बसून काम करायचं, नुसती पुस्तकं वाचायची नाहीत, हे मी पहिल्या वर्षापासून मनात धरलं होतं. भोसेकर सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, सगळ्यांना पेढे वाटले. फक्त घरी मी सांगितलं नव्हतं. कारण घरी दुसरंच ठरत होतं. सांगोल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलाची स्वतःची शेती, मेंढ्यांचा मोठा वाडगा, माणसं तोलामोलाची. तात्यांनी शब्द दिला असं आईनं कळवलं होतं, आणि येत्या रविवारी ती माणसं कुंकू लावायला येणार होती. तात्यांनी दिलेला शब्द परत घेतल्याचं आमच्या मुलखात कुणी ऐकलं नव्हतं. दलालाचा शब्द गेला की धंदा गेला. मला परीक्षा झाल्यावर, बसमध्ये, गावी पोचायच्या आत त्यांना सांगायचं होतं. कसं सांगायचं याचे दहा प्रकार मी मनात रचले होते आणि दहाही मोडले होते.

तर आम्ही टेबलाशी बसलो. पहिली तीन चित्रं तात्यांनी झटपट उरकली. एका चित्रात म्हातारी होती, ती सून आणायला निघाली. दुसऱ्यात डोंगर होता, तिथं चारा बरा असेल म्हणाले. कारखानीस मॅडम गालात हसल्या. मी शब्द न् शब्द उतरवून घेत होते, कारण सब्जेक्ट जे आणि जसं बोलेल ते तसंच लिहायचं, आपलं शुद्धलेखन त्यात घालायचं नाही.

मग हे चौथं चित्र. एक उघडं दार. दारात कुणीतरी उभं, हातात पिशवी. बाई की पुरुष, लहान की मोठं, मुद्दामच कळू नये असं काढलेलं. आत जमिनीवर एक माणूस बसलेला, दाराकडे पाठ करून.

तात्या गप्प बसले. स्टॉपवॉच चालू होतं. इतका वेळ गप्प राहिलेला सब्जेक्ट मी वर्षभरात पाहिला नव्हता. मध्येच काही बोलून त्यांना मदत करावी असं फार वाटलं, पण तसं करायचं नसतं.

"ह्यो मानूस घरधनी," अखेर ते म्हणाले. "ह्येच्याकडं एक पोर हाय. ह्येनं कुनालातरी शबूद दिलाय. शबूद आदी दिला आन् इच्यार मागनं केला. उलटं करायला पायजे हुतं. आता पोर निघालंय. ह्यो काय बोलंना, पोरबी काय बोलंना."

"आणि शेवटी काय होतं, काका?"

"जातंय. जायाचंच हाय त्ये."

आणि त्यांनी चित्र टेबलावर पालथं ठेवलं.

माझा हात लिहीत होता. मला कळायचं ते कळलं होतं. शब्द दिलाय, पोर जाणार, विषय संपला. या चाचणीत गोष्टी संपल्या की चौकशी करायची असते. म्हणजे गोष्टीत जे धूसर राहिलं, ते सब्जेक्टलाच साधे प्रश्न विचारून स्पष्ट करून घ्यायचं. पहिल्या तीन चित्रांची चौकशी मी केली. चौथ्याची केली नाही. त्या चित्राबद्दल आणखी एक शब्द ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मी तात्यांचे आभार मानले आणि त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. तोंडी संपेपर्यंत सब्जेक्टनं जायचं नसतं.

अहवाल मी लिहिला, तो मात्र झोकात लिहिला. दुःखानं माणसाचा हात चालतो की काय कोण जाणे. कर्तव्याची जाणीव, बाहेरचा दबाव, भावना दाबून टाकण्याची सवय, जवळच्या व्यक्तीबद्दल नकार, असं सगळं अगदी पुस्तकाप्रमाणे मांडलं. कारखानीस मॅडमनी तो दोनदा वाचला. त्यांचं नाव आमच्यात कडक म्हणून गाजलेलं. त्या ओरडत नसत, पण एकेक प्रश्न असा विचारत की समोरच्याला ओरडलेलं परवडलं असतं.

चौथ्या गोष्टीचा नायक कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पाठमोरा माणूस. त्याच्या मनात काय आहे? मी म्हणाले की त्यानं मुलीचं लग्न ठरवलंय, मनातून त्याला ते पटलेलं नाही, पण शब्दाबाहेर जाता येत नाही. म्हणून तो मुलीकडे पाठ फिरवून तिला तोडून टाकतो आणि सासरी धाडतो.

मॅडमनी माझा उतारा समोर धरला.

"यात मुलगी कुठं आहे?"

मी वाकून पाहिलं. पोर असं लिहिलेलं होतं.

"लग्न कुठं आहे? सासर कुठं आहे? तोडून टाकतो, हे कुठं आहे? सब्जेक्टच्या तोंडचे शब्द दाखवा मला."

मी सगळा उतारा वरून खाली वाचला. नव्हते. एकही नव्हता.

"मग ही गोष्ट कुणाची आहे, वैजयंता?"

"माझी," मी म्हणाले.

माणसानं चित्रात आपलं मन ओतावं म्हणून आम्ही त्याच्यापुढे चित्र ठेवतो. आणि मी काय केलं होतं, तर त्याच्या गोष्टीत स्वतःचंच मन ओतून बसले होते. ही चूक आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरानंही करू नये अशी.

मॅडम रागावल्या नाहीत. चौकशी का केली नाही एवढंच त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाल्या की बाहेर आहेत ना ते, मग बोलवा आणि आत्ता करा.

तात्या आत आले, पुन्हा त्याच खुर्चीवर बसले. मी चौथं चित्र त्यांच्यापुढे सरकवलं.

"काका, मघाच्या गोष्टीतलं हे दारातलं पोर, हे कुठं निघालंय?"

तात्यांनी चित्राकडे पाहिलंही नाही.

"शिकायला."

"कुठं?"

"लांब. बंगळूरला म्हनत्यात." मग त्यांना एकदम भान आलं असावं. मॅडमकडे वळून ते घाईनं म्हणाले, "म्हंजी ह्या चित्रातलं हो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी तात्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तात्यांच्या नाकाकडे. आमची दोघांची नाकं एकाच साच्यातली आहेत हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नसेल तर नवल. मला वाटलं, संपलं. नात्यातला सब्जेक्ट, वर लबाडी. आता परीक्षाही गेली. पण बंगळूर हा शब्द त्या खोलीत तात्यांच्या तोंडून निघाला होता आणि त्यापुढे मला परीक्षेचं काही वाटेना.

मॅडम उठल्या.

"मी चहा घेऊन येते," त्या म्हणाल्या. "चौकशी अर्धवट ठेवू नका. नियमाप्रमाणे शेवटापर्यंत जा."

दार लागलं. आता खोलीत आम्ही दोघंच. मी तात्या म्हणू शकले असते, ते वैजू म्हणू शकले असते. पण दोघांनीही तसं केलं नाही. आमच्या मध्ये ते चित्र होतं तोवर बोलता येत होतं, ते उचललं असतं तर पुन्हा सगळं बघूवर आलं असतं. मी पेन हातात धरलं.

"काका, या माणसाला बंगळूरचं कुणी सांगितलं?"

"पोराच्या मैतरनीचा मामा बाजारात शेरडं घ्यायला येतो. त्यो बोलला. ह्येला वाटलं, सगळ्या मुलखाला ठावं हाय आन् आपल्याला कसं न्हाय."

बाहेर कुठंतरी असलेल्या नसीमला मी मनात चार शिव्या दिल्या आणि तिचे पायही धरले.

"मग त्यानं पोराला विचारलं का नाही?"

"पोर सांगंल म्हनून थांबला. बाजारात ज्येचं जनावर आसतं त्यो आदी बोलतो. दलालानं आदी तोंड उघडायचं नसतं. कालच्याला ह्यो घरात बसला हुता. म्हनला, आता आपनच जाऊन बोलावं. म्हनून एक दिस आदी निघाला. आन् इथं आल्यावर त्येला परीक्षेला बसीवलं."

मला हसू आलं. ते मी दाबलं नाही.

"आणि त्यानं शब्द दिला होता, त्याचं काय?"

"माघारी घेतला. सोमवारी सांगोल्याला जाऊन आला. लई बोलनी खाल्ली. खायाचीच हुती, चूक ह्येची हुती. येत्या आयतवारी कुनी येत न्हाय."

मी लिहायचं कधी थांबवलं होतं ते मला आठवत नाही. छातीवरची शिळा उतरते म्हणतात, ती खरोखरच उतरते. मला पोटभर श्वास घेता आला. कित्येक आठवड्यांत तो घेतला नव्हता हे तेव्हाच समजलं. तात्यांच्या कपाळावर घाम होता. रुमालाखाली एवढे सौदे केलेला माणूस, त्याला आज उघड्यावर बोलताना घाम फुटला होता.

एक प्रश्न उरला होता. तो विचारायची मला भीती वाटत होती, पण नियमाप्रमाणे शेवटापर्यंत जायचं होतं.

"काका, मग हा माणूस पोराकडे पाठ करून का बसलाय?"

या वेळी तात्यांनी चित्र उचललं. त्यावरून अंगठा फिरवला, त्या पाठमोऱ्या माणसावरून.

"तोंड बघितलं तर नगं जाऊ म्हनंल त्यो," ते म्हणाले. "म्हनून पाठ केलीया."

मग मात्र मला आवरलं नाही. मी टेबलावर डोकं टेकून रडले, आणि रडता रडता मला इतकं हलकं वाटत होतं की रडू थांबवावंसंही वाटेना. तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तसली त्यांना सवय नव्हती. त्यांनी माझे विस्कटलेले कागद एकावर एक रचले, कडा जुळवल्या आणि माझ्या कोपराशी ठेवले.

"वैजू, फुडं लिव्ह," ते म्हणाले. "बाई येत्याल आता."

मी डोळे पुसले.

"शेवटी काय होतं?"

"सांगितलं की, जातंय."

"आणि गेल्यावर?"

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं शिकून या पोरीला साधं काही कळत नाही.

"गेल्यावर काय? सुट्टीला येतंय की माघारी."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

आज मी स्वतः वर्षातून एकदोनदा बाहेरची परीक्षक म्हणून जाते. विद्यार्थी उतारा समोर ठेवतात, तेव्हा चौकशीचा भाग मी आधी वाचते. तिथं जागा कोरी दिसली की मी काही बोलत नाही, नुसतं सब्जेक्टला आत बोलवायला सांगते.

त्या दिवशी कारखानीस मॅडम चहाचे तीन कप घेऊन आल्या. एक त्यांनी तात्यांपुढे ठेवला, एक माझ्यापुढे. माझा नवा उतारा वाचायला त्यांना फार वेळ लागला. शेवटी त्या म्हणाल्या की चौकशी उशिरा केल्याचे गुण कापावे लागतील, केल्याचे मात्र पूर्ण देते. नात्यातला सब्जेक्ट आणल्याबद्दल भोसेकर सरांपाशी आपण काही बोलणार नाही, पण बंगळूरला हे चालायचं नाही, तिथं असली लबाडी केलीत तर पहिल्या दिवशी घरी पाठवतील. बंगळूर म्हणताना त्यांच्या आवाजात किंचित हसू होतं.

मग त्या तात्यांकडे वळल्या. चाचणी संपली की सब्जेक्टला एक प्रश्न विचारायचा असतो, तो मी विसरले होते. त्यांनीच विचारला.

"काका, या सगळ्यात तुम्हाला काही त्रास झाला का?"

तात्यांनी कप बशीत ठेवला, घोंगडी खांद्यावर घेतली आणि थोडा विचार केला.

"तरास आदी हुता, बाई," ते म्हणाले. "आता न्हाय."